रंगरेषा आणि जातीची उतरंड : डॉ. ड्युबॉईस आपण का वाचायला हवेत?

२७ ऑगस्ट १९६३. घाना देशाची राजधानी अक्रा. वयाच्या ९५ व्या वर्षी एका कृष्णवर्णीय विद्वानाने तेथे अखेरचा श्वास घेतला. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात नागरी हक्कांसाठी सुमारे अडीच लाख लोक जमले होते. मार्टिन ल्युथर किंग यांचे गाजलेले भाषण झाले तो हाच मोर्चा. त्याच व्यासपीठावरून या विद्वानाच्या निधनाची बातमी जमलेल्या जनसागराला सांगण्यात आली. ज्या देशासाठी त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ लेखणी झिजवली, त्या देशाने अखेरच्या वर्षी त्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरणही नाकारले होते.

त्यांचे नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्युबॉईस.

आपल्या चळवळीतील युवकांना मार्टिन ल्युथर किंग माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ज्यांच्यावरून घेतले ते ब्लॅक पँथरही माहीत आहेत. पण ड्युबॉईस यांचे नाव आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच येते. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, तेव्हा सामाजिक स्तरीकरणाच्या प्रकरणात मार्क्स होते, वेबर होते, डेव्हिस आणि मूर होते. ड्युबॉईस नव्हते. आज वस्त्यांमध्ये काम करताना, युवकांशी बोलताना एक प्रश्न हमखास समोर येतो : खरा प्रश्न जातीचा की वर्गाचा? डावे मित्र म्हणतात, गरिबी संपली की जात संपेल. आपल्यातले काही म्हणतात, जातीपुढे वर्ग वगैरे काही नसतेच. या वादात ज्या माणसाचे आयुष्य आपल्याला सर्वात जास्त शिकवू शकते, तो माणूस आम्हाला अभ्यासक्रमाबाहेर सापडला. म्हणून हा लेख.

शाळेतील भेटकार्ड

ड्युबॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावात झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. वडील लवकरच घर सोडून गेले. आईने कष्ट करून वाढवले. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे मोजकीच होती आणि मुलगा गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत शिकत होता. एकदा वर्गातील मुलामुलींनी एकमेकांना भेटकार्डे देण्याचा खेळ मांडला. नव्याने आलेल्या एका गोऱ्या मुलीने ड्युबॉईस यांचे कार्ड घेण्यास नकार दिला. कारण सांगण्याची तिला गरज वाटली नाही. आपण इतरांपेक्षा वेगळे मोजले जातो, हे त्या दिवशी त्या मुलाला कळले. सातारच्या शाळेत गोणपाटावर बसणाऱ्या भीमरावाची आठवण येथे आपल्याला झाल्याशिवाय राहत नाही.

शाळा संपली आणि थोड्याच काळात आई गेली. गावातील चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून या हुशार मुलाला १८८५ मध्ये नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात पाठवले. हे कृष्णवर्णीयांसाठी असलेले विद्यापीठ दक्षिणेकडील टेनेसी राज्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्युबॉईस तेथील खेड्यांत शाळा शिकवायला जात. मुक्त झालेल्या गुलामांची पुढची पिढी कर्जात आणि वाट्याच्या शेतीत कशी अडकली आहे, हे त्यांनी तेथे प्रथम पाहिले. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य आणि पोटाचे स्वातंत्र्य यांतील अंतर त्यांना पुस्तकाच्या आधी खेड्यात समजले.

पुढे हार्वर्ड. १८९० मध्ये तेथील पदवी, १८९१ मध्ये एम.ए. मग शिष्यवृत्तीवर १८९२ ते १८९४ बर्लिन विद्यापीठ. तेथे गुस्टाव्ह श्मोलर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांकडून त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली : समाजाबद्दल बोलण्याआधी माहिती गोळा करा. बर्लिनची डॉक्टरेट मात्र त्यांना मिळाली नाही, कारण शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने मुदत वाढवून दिली नाही. ते परतले आणि १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. प्रबंधाचा विषय होता गुलामांचा व्यापार आणि तो रोखण्याचे प्रयत्न.

सातव्या वॉर्डातील घरोघर

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहरातील कृष्णवर्णीयांचा अभ्यास करण्यासाठी नेमले. पद होते समाजशास्त्राचे सहायक, पगार वर्षाला ९०० डॉलर. शिकवायला वर्ग दिला नाही, विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नावही छापले नाही. शहरातील प्रतिष्ठितांची समजूत अशी होती की, शहराच्या बकालपणाचे आणि गुन्हेगारीचे मूळ या वस्तीतच आहे. अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब होईल, अशी त्यांची अपेक्षा असावी.

ड्युबॉईस पत्नी नीना यांच्यासह त्याच सातव्या वॉर्डात, एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहायला गेले. कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता, संस्था आणि घरकामगार अशा सहा प्रश्नावल्या त्यांनी तयार केल्या आणि स्वतः घरोघर फिरले. त्या वॉर्डात ९,००० हून अधिक कृष्णवर्णीय राहत होते. कोण कुठून आले, काय कमावते, किती भाडे भरते, किती मुले जगली, कोणते काम मागितले आणि का नाकारले गेले, हे सारे त्यांनी नोंदवले.

१८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया निग्रो' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली : वस्तीची दुर्दशा ही तेथील लोकांच्या रक्तात नव्हती. शिकलेल्या कारागिराला कारखान्यात घेत नव्हते, गोऱ्या कामगारांच्या संघटना त्याला सभासद करून घेत नव्हत्या, बहुतेकांना घरकाम आणि हमालीच उरत होती आणि त्याच पडक्या घरांसाठी त्यांना इतरांपेक्षा जास्त भाडे द्यावे लागत होते. दुसरी : कृष्णवर्णीय हा एकसंध गठ्ठा नव्हता. त्यांच्यातही स्थिरावलेली वरची कुटुंबे होती, बऱ्यापैकी कमावणारे कष्टकरी होते, हातावर पोट असणारे गरीब होते आणि तळाशी गुन्हेगारीत ढकलले गेलेले होते. बाहेरचा गोरा माणूस मात्र या सर्वांना एकाच नजरेने पाहत होता.

स्तरीकरणाच्या अभ्यासात ही मोठी झेप होती. एका बाजूला संपूर्ण समूहाला खाली दाबणारी रंगाची रेषा आणि दुसऱ्या बाजूला त्या समूहाच्या पोटातील वर्ग. एक पाहिले म्हणून दुसरे नाकारायचे नाही. मार्क्स यांनी वर्ग ठरवताना उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाकडे आहे हे पाहिले. मॅक्स वेबर यांनी त्यात सामाजिक प्रतिष्ठा आणि सत्ता या आणखी दोन अंगांची भर घातली. हे वेबर १९०४ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा त्यांनी ड्युबॉईस यांच्याकडे लेख मागितला आणि १९०६ मध्ये आपण संपादित करत असलेल्या जर्मन नियतकालिकात तो छापला. युरोपातील सर्वात मोठ्या समाजशास्त्रज्ञाला जो माणूस आपल्या तोडीचा वाटला, त्याला अमेरिकेतील एकाही गोऱ्या विद्यापीठाने प्राध्यापकाची कायम जागा दिली नाही.

अभ्यासिकेतून रस्त्यावर

१८९७ मध्ये ड्युबॉईस अटलांटा विद्यापीठात गेले आणि दरवर्षी एक विषय घेऊन कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा अभ्यास करण्याची योजना त्यांनी चालवली. शेती, धंदे, कारागीर, चर्च, कुटुंब, आरोग्य असे एकेक विषय घेतले. अज्ञान हेच वंशद्वेषाचे कारण आहे, पुरेसे पुरावे समोर ठेवले की लोकांचे मत बदलेल, अशी त्यांची श्रद्धा होती.

एप्रिल १८९९ मध्ये ही श्रद्धा हादरली. अटलांटाजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय शेतमजुराला झुंडीने जिवंत जाळले. याबद्दलचे आपले निवेदन घेऊन ड्युबॉईस एका वर्तमानपत्राच्या कचेरीकडे चालत निघाले होते. वाटेत त्यांना कळले की, सॅम होजच्या बोटांची हाडे पुढच्याच रस्त्यावरील एका दुकानात प्रदर्शनासाठी ठेवली आहेत. ते तेथूनच माघारी फिरले. पुढच्याच महिन्यात त्यांचा सुमारे दीड वर्षांचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने दगावला. माणसे जाळली जात असताना केवळ शांत, तटस्थ संशोधक बनून राहता येणार नाही, हे त्यांना उमगले. खैरलांजी पाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०३ मध्ये आलेल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकाने ते जगभर पोहोचले. विसाव्या शतकाचा मुख्य प्रश्न रंगरेषेचा असेल, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. त्या काळी कृष्णवर्णीयांचे सर्वमान्य नेते होते बुकर टी. वॉशिंग्टन. हाताला कौशल्य द्या, पैसा कमवा, मतदानाचा आणि समतेचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा, अशी त्यांची भूमिका होती. गोऱ्या धनिकांना ती सोयीची होती. ड्युबॉईस यांनी तिला उघड विरोध केला. राजकीय हक्क नसतील तर कमावलेली मालमत्ता एका रात्रीत हिसकावली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटात झालेल्या दंगलीत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, दुकाने फोडली गेली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन सरकारच्या कामगार खात्यासाठी अलाबामा राज्यातील लाउंडेस जिल्ह्याचा मोठा अभ्यास केला. जमीन कोणाकडे, कर्ज किती, मतदान कोण करते, याची ती पाहणी होती. खात्याने अहवाल छापला नाही. हस्तलिखित परत मागितले, तेव्हा ते नष्ट केल्याचे सांगण्यात आले. आकडे सत्तेला का टोचतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेतील जातनिहाय आकडेवारी जनतेसमोर आलीच नाही.

१९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी 'एनएएसीपी' ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९१० मध्ये ड्युबॉईस अटलांटा सोडून न्यूयॉर्कला आले आणि संघटनेचे मुखपत्र 'द क्रायसिस' सुरू केले. पहिल्या अंकाच्या १,००० प्रती काढल्या होत्या. दहा वर्षांच्या आत खप १ लाखावर गेला. आपल्याकडे 'मूकनायक' निघाले ते १९२० मध्ये. ज्यांना आवाज नाही त्यांना आधी स्वतःचे पत्र हवे, हे दोन्ही महामानवांनी ओळखले होते.

गोऱ्या कामगाराला मिळणारी दुसरी मजुरी

१९३४ मध्ये संघटनेशी मतभेद होऊन ड्युबॉईस बाहेर पडले आणि अटलांटाला परतले. १९३५ मध्ये त्यांचा सर्वात मोठा ग्रंथ आला : 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका'. गुलामगिरीविरुद्धचे यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ यांचा हा इतिहास आहे. तोपर्यंतच्या इतिहासकारांनी गुलामांना मुके प्रेक्षक ठरवले होते. ड्युबॉईस यांनी दाखवले की, युद्धकाळात लाखो गुलामांनी मळे सोडले, काम थांबवले, उत्तरेच्या सैन्याकडे धाव घेतली. हा एक प्रकारचा सार्वत्रिक संपच होता आणि त्यानेच युद्धाचा निकाल फिरवला.

पण आपल्यासाठी या ग्रंथातील सर्वात मोलाचा विचार पुढचा आहे. युद्धानंतर दक्षिणेतील गरीब गोरा मजूर आणि मुक्त झालेला काळा मजूर यांचे हित एकच होते. मग ते एकत्र का आले नाहीत? ड्युबॉईस यांचे उत्तर असे : गोऱ्या मजुराला पैशात मजुरी कमीच मिळत होती, पण तिच्या जोडीला त्याला आणखी एक मजुरी मिळत होती, मानाची. तो गोरा असल्यामुळे त्याला आदराने वागवले जाई. बागा, चांगल्या शाळा त्याला खुल्या होत्या. पोलीस त्याच्यातूनच भरले जात. त्याचे मत मोजले जाई, म्हणून न्यायालय त्याच्याशी सौम्य वागे. या मानसिक मजुरीवर समाधान मानून त्याने काळ्या सहकाऱ्याचा हात झिडकारला आणि दोघांचीही पैशातील मजुरी कमीच राहिली. फायदा झाला तो मालकाचा.

आता आपल्या गावातील शेताच्या बांधावर या. एकाच शेतात, एकाच रोजावर दोन भूमिहीन मजूर राबतात. दोघांच्या खिशात संध्याकाळी सारखेच पैसे पडतात. पण एकाला मालकाच्या ओसरीवर चहा मिळतो, दुसऱ्याला अंगणात. एकाची वरात वेशीतून वाजत जाते, दुसऱ्याची अडवली जाते. पहिला मजूर दुसऱ्याच्या बाजूने उभा राहत नाही, कारण उभे राहिले तर ओसरीवरचा चहा जातो. ही त्याची दुसरी मजुरी आहे.

ड्युबॉईस यांचे पुस्तक आल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झाले. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, तर काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी त्यात समाजवाद्यांना सुनावले. ही वाटणी चढत्या-उतरत्या क्रमाची असल्याने प्रत्येकाच्या खाली कोणीतरी उरतो आणि म्हणून कष्टकऱ्यांची एकजूट आपोआप होत नाही. दोन खंडांत, जवळजवळ एकाच वेळी, दोन विचारवंतांनी वर्गाच्या सिद्धांतातील एकच पोकळी दाखवली.

अर्थात फरकही विसरू नये. अमेरिकेत रेषा मुख्यतः एक आहे, गोरी आणि काळी. आपल्याकडे शेकडो पायऱ्या आहेत आणि त्यांना धर्मग्रंथांचा, शुद्ध-अशुद्धतेचा आधार आहे. त्यामुळे कायदा पुरेसा होत नाही, मनाचीही क्रांती लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेचे कारण येथे आहे.

१९४६ चे पत्र

भारताशी ड्युबॉईस यांचा संबंध जुना होता. लाला लजपत राय त्यांचे स्नेही होते. गांधीजींचा संदेश १९२९ मध्ये 'द क्रायसिस'मध्ये छापला गेला. १९२८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या 'डार्क प्रिन्सेस' या कादंबरीची नायिका एक भारतीय राजकन्या आहे. येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. ड्युबॉईस यांच्यापर्यंत जो भारत बराच काळ पोहोचला तो वरच्या जातींच्या राष्ट्रवाद्यांचा भारत होता. त्यात इंग्रज होते, वसाहतवाद होता. महारवाडा नव्हता.

१९४६ मध्ये स्वतः बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले. कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या मागण्या डावलल्या होत्या आणि संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याचा विचार सुरू होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे याचिका केल्याचे बाबासाहेबांनी वाचले होते. तिच्या प्रती त्यांनी मागितल्या. आपण कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत आणि दोन्ही समाजांच्या स्थितीत मोठे साम्य आहे, हेही त्यांनी कळवले. ड्युबॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. आपण डॉ. आंबेडकरांचे नाव जाणतो, अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपल्याला सहानुभूती आहे आणि शक्य ती मदत करू, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच वर्षी ड्युबॉईस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर झाले. पत्रे दोनच, पण त्यांनी दोन लढ्यांना एकमेकांची ओळख दिली.

एक दशांश लोकांची चूक

महामानवांच्या चुकांतूनही शिकायचे असते. १९०३ मध्ये ड्युबॉईस यांनी मांडले होते की, समाजातील हुशार एक दशांश लोकांना उत्तम उच्च शिक्षण द्या, ते उरलेल्या नऊ दशांशांना वर उचलतील. फिलाडेल्फियाच्या अभ्यासातही वरच्या थराकडून त्यांची हीच अपेक्षा होती आणि तळातल्यांबद्दल त्यांची भाषा काही ठिकाणी उपदेशाची होती.

पुढे अनुभव वेगळा आला. शिकलेले वर गेले आणि बरेचसे तेथेच राहिले. १९४८ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, ड्युबॉईस यांनी आपला हा सिद्धांत जाहीरपणे दुरुस्त केला. नुसते शिक्षण पुरत नाही, त्यागाची तयारी आणि कष्टकऱ्यांशी जोडलेली संघटना नसेल तर शिकलेला माणूस स्वतःचाच वर्ग जपतो, हे त्यांनी मान्य केले. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, ती हीच.

आपल्यातही आज थर पडले आहेत. नोकरी लागली, फ्लॅट झाला, वस्ती सुटली. वस्तीत उरले ते सफाईचे कंत्राटी कामगार, नाक्यावरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दोन्ही थर एका मंडपात येतात. आपल्यातील वर्गाबद्दल बोलले की काहींना समाजात फूट पडेल अशी भीती वाटते. फूट आधीच आहे, आपण फक्त ती मोजलेली नाही.

अखेरची वर्षे

१९४८ मध्ये संघटनेने ड्युबॉईस यांना पुन्हा दूर केले. १९५१ मध्ये, ८३ व्या वर्षी, अण्वस्त्रांविरुद्धच्या शांतता मोहिमेमुळे परकी हस्तक असल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. हातात बेड्या पडल्या. खटला टिकला नाही, ते निर्दोष सुटले, पण १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. १९६१ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून अक्रा येथे आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करण्यासाठी निघून गेले. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याचे गुणगान केले होते, हेही आपण विसरता कामा नये. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारला होता. प्रश्न दोघांनी सारखाच पाहिला, वाट वेगळी निवडली. आपली वाट बुद्धाची आहे.

ज्यांनी नाकारले त्यांना उशिरा जाग आली. अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या सर्वोच्च सन्मानाला आज ड्युबॉईस यांचे नाव आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद प्राध्यापकपद दिले.

आपण मात्र पुतळ्यावर न थांबता त्यांची पद्धत घेऊ या. प्रत्येक विहारात चार-पाच शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांनी एक वही घ्यावी आणि आपल्याच वस्तीत घरोघर जावे. कोण काय काम करते, कंत्राट कोणाचे, भाडे किती, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, कर्ज कोणाचे, हे लिहून काढावे. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यावर बोलावे. जात की वर्ग या वादाचे उत्तर त्या वहीत सापडेल आणि ते बहुधा दोन्ही असे असेल. मग कोणाची फी भरायची, कोणाच्या किमान वेतनासाठी अर्ज करायचा, कोणत्या संघटनेशी हात मिळवायचा, हेही ठरवता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!